आधी बूड, मग डोकं

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवशी मला जमिनीवरून तीन पुरुषांनी मिळून उचललं. दोन पुतण्यांनी दोन्ही काखांत हात घातले आणि माझा मुलगा पाठीमागून रेटत होता.

गावच्या घरी मोदकांसाठी पाच नारळ खवायचे होते, म्हणून मी सकाळी आडाळ्यावर बसले होते. आडाळो म्हणजे आमच्या कोकणातली विळी, पुढे नारळ खवायचं दातेरी तोंड असलेली. तिच्या फळीवर बसूनच काम करायचं. बसणं जमलं, पाचही नारळ खवून झाले, आणि उठायला गेले तर गुडघे जागचे हलेनात. दोनदा जोर केला. तिसऱ्यांदा नुसता आवाज निघाला, मी तिथेच. तिकडे भटजी खोळंबले होते. सगळं घर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. मला वर उचलताना निऱ्या सुटल्या, त्या सुनेने कशाबशा धरल्या.

माझी थोरली जाऊ चुलीपाशी बसली होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि अंगाने सुक्या बांगड्यासारखी. ती म्हणाली, "काय गो, मुंबैत रवान बुडाक मुळां फुटली?"

घर हसलं. मीही हसले. दुसरी कोणी अडकली असती तर सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असते.

मुलगा हसला नाही. तो बँकेत आहे, आणि लहानपणापासून कशालाही आधी घाबरतो. या वर्षी मे महिन्यात गणपतीची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला की आई, तू या वर्षी राहू दे. तिथे पडलीस, हाड मोडलं, तर तालुक्याला न्यायला दीड तास. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, शेजारच्या काकू डबा देतील.

मी लालबागला राहते. गणपतीत लालबागला मागे राहायचं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. सगळी मुंबई तेव्हा आमच्याकडे येते आणि आम्ही जीव घेऊन कोकणात पळतो. बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकायला जागा नसते, खिडकी लावली तरी स्पीकर घरातच असल्यासारखा. पण ते एक वेळ सोसलं असतं. लग्न झाल्यापासून मी गावचा गणपती चुकवलेला नाही. घरातल्या मोदकांचं सारण माझ्या हातचं असतं. ते आता थोरली करणार आणि गूळ कमी घालणार, हे मला चालणार नव्हतं.

दोन दिवस मी त्याच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी तो कंटाळला आणि अट घालून मोकळा झाला. नारळी पौर्णिमेपर्यंत जमिनीवर बसून, कोणाचा हात, भिंत, खुर्ची, ओटा काही न धरता उठून दाखवायचं. जमलं तर यायचं. नाहीतर तिकीट रद्द. मी हो म्हटलं. त्या वेळी मला खुर्चीवरूनसुद्धा हातांनी ढकलून उठावं लागत होतं.

उपाय विचारायला डॉक्टरकडे गेले. त्यांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. मागे कान दुखत होता तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. सुनेने भात बंद करायला सांगितला. बिल्डिंगमधल्या एकीने गरम पाण्यात लिंबू सांगितलं. मी किती जाड आहे हे सगळ्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मी जाड आहे. ब्याऐंशी किलो. लग्नातही जाडच होते. तेव्हा बघायला आलेल्या सासूबाईंनी माझे दंड दाबून पाहिले होते आणि मुलगी अंगाने भरलेली आहे, दोन हंडे घेऊन चाळीचे तीन जिने चढेल, म्हणून पसंत केली होती. मी चढलेही, तीस वर्षं. मग चाळीच्या जागी टॉवर आला, लिफ्ट आली, नळ घरात आला, आणि त्याच अंगाला सगळे नावं ठेवायला लागले.

तेव्हाच कळलं की आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत दुपारी तीन ते साडेचार बायकांची बॅच सुरू झाली आहे. ही व्यायामशाळा मला ठाऊक होती, म्हणजे बाहेरून. माझा नवरा गिरणीत होता तेव्हा पहाटे तिथे जोर-बैठका मारायला जायचा. आत लाल मातीचा हौदा होता आणि कोनाड्यात मारुती. त्यामुळे बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. काही निरोप असला तर मी दारात उभी राहून कोणातरी पोराकरवी आत सांगायचे. नवऱ्याच्या बैठकांची तेव्हा चाळीत फार कीर्ती होती. हा माणूस घरात पाण्याचा हंडा कधी उचलत नसे. बैठका मारून मारून म्हणे पाय दुखायचे.

पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशी जरा थांबले. मग गेले आत. मातीचा हौदा बुजवून वर रबराची जाड चटई टाकली आहे. मारुती आहे तिथेच आहे. त्याने काही हरकत घेतली नाही.

शिकवणारी कॉटन ग्रीनची. तरुणपणी कबड्डी खेळायची, आता पंचेचाळिशीची असेल. मला आवडलं ते हे, की ती स्वतः काही बारीक नाही. मांड्या अशा की रिक्षाचं चाक पंक्चर झालं तर जॅक लागू नये. बॅचमध्ये बाकीच्या बायका तिशी-चाळिशीच्या. आल्या आल्या चपला काढून एकेक जण वजनकाट्यावर चढायची, जाताना पुन्हा चढायची. दीड तासात काय उतरणार? पण चढायच्या, आणि बघून तोंड वाकडं करायच्या. एक तर कानातले काढून चढायची.

मलाही चढवलं. मग त्या कबड्डीवालीने विचारलं, "आजी, बारीक व्हायचंय का?"

"बारीक होऊन कोणाला दाखवू? मला जमिनीवरून उठायचंय."

"मग या काट्याकडे पुन्हा बघू नका."

तिने मला खुर्ची दिली. हात न लावता उठायचं आणि बसायचं. बस्स. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे चार वेळा उठले. आठ दिवसांनी एक उशी काढली. जूनच्या अखेरीस दुसरी. मग भिंतीला हात टेकून दंड, टाचा वर उचलून उभं राहणं, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. पिशव्यांत तांदूळ असायचे. हे मी आयुष्यभर फुकट केलं, आता त्याला व्यायाम म्हणतात. कोपऱ्यात जुने लाकडी मुदगल उभे होते, नवऱ्याच्या वेळचे. एक दिवस त्यांतला बारका मी उचलून पाहिला. नवरा सांगायचा तेवढा काही जड नव्हता.

फरक पडत होता. कोणाला सांगण्यासारखा नव्हता, पण पडत होता. संडासच्या कठड्याला धरायचं सुटलं. झोप लागायला लागली. तीन वर्षं माझ्या पायांची नखं सून कापायची आणि कापताना तिचा चेहरा मला बघवत नसे. जुलैमध्ये एका सकाळी मी बिछान्यावर बसून माझा पाय माझ्याकडे ओढला आणि दहाही नखं स्वतः कापली. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा टॉवरमधल्या घराची किल्ली मिळाली तेव्हाही झाला नव्हता. किल्लीच्या वेळी लिफ्ट बंद होती.

राहिलं ते खरं काम, जमिनीवरून उठायचं. तिथे गाडी अडली.

कबड्डीवालीने आधी नेहमीची रीत शिकवली. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा आणि वर यायचं. माझा गुडघा टेकल्यावर त्यातून अशी कळ यायची की वर यायच्या आधी मी शिव्या द्यायचे. मग तिने दुसरी रीत दाखवली. कुशीवर वळायचं, दोन्ही तळवे जमिनीवर, चार पायांवर यायचं, गुडघे उचलायचे म्हणजे बूड वर जातं. मग हात हळूहळू पायांकडे आणायचे, मांड्यांवर ठेवायचे आणि शेवटी डोकं वर. तिने स्वतः करून दाखवलं. सोपं दिसत होतं.

मी नाही म्हटलं.

तिला कारण सांगितलं नाही, इथे सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, वडीलधाऱ्यांकडे पाठ करायची नाही. खोलीतून बाहेर पडायचं तर तोंड समोर ठेवून मागे मागे जायचं. बसल्या जागेवरून उठायचं ते सरळ, पदर सांभाळून, अंग कुठे वाकडं दिसू न देता. आणि माझं तर बूड लहान नाही. चाळीच्या गॅलरीत पुरुष बसलेले असले तर मी भिंतीला पाठ घासत जायचे. मी कोणाला काहीही तोंडावर बोलणारी बाई, पण एवढी एक लाज मी अख्ख्या आयुष्यात सोडली नव्हती. चारचौघांसमोर बूड वर करून उठायचं? त्यापेक्षा गावाला न गेलेलं बरं, असं मला चार दिवस खरंच वाटलं. मग मी सरळ उठायचाच हट्ट धरला. नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर आली तरी मी काही वर आले नाही.

घरी दुपारी नात मला सराव करायला मदत करायची. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात. सकाळी मैत्रिणीबरोबर शिवाजी पार्कला पळायला जाते. पळून आल्यावर अर्धी भाकरी खाते, आणि तीही आधी वजन करून. आमच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. अकराव्या मजल्यापासून तळापर्यंत ती आरशासमोर आडवी उभी राहून पोट आत ओढून धरते. खाली दार उघडलं की श्वास सोडते. मी तिला शेवग्याची शेंग म्हणते. तिला ते कौतुक वाटतं असं मी समजत होते.

त्या दुपारी मी चटईवर बसले होते आणि दोनदा धडपडून परत बसले होते. नात म्हणाली, "आजी, त्यांनी शिकवलंय तशी उठ ना."

"तुझा बाप समोर असणार. कसं दिसेल ते?"

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "तुलापण असतं हे? मला वाटायचं, तुला फक्त दुसऱ्यांचं दिसतं."

मी विचारलं, कोणाचं काय दिसलं मला? तर तिने सांगितलं. ती अकरा वर्षांची होती. गावी गणपतीची पंगत बसली होती आणि मी वाढत होते. तिच्यासमोर आल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते की हिला दोन पानं लावा, एका पानाच्या जागेत ही मावायची नाही.

मला आठवलं. तिचा चेहरा नाही आठवला. लोक किती हसले होते ते आठवलं, आणि त्याचं मला बरं वाटलं होतं तेही.

आणि मग आणखी एक ध्यानात आलं. त्यानंतर ही पोरगी पंगतीला बसलीच नाही. दर वर्षी गावाला गेलं की ती पळी घेऊन वाढायला उभी राहते. सगळे म्हणतात, मुंबईची असून किती कामसू. थोरलीसुद्धा म्हणते. सगळ्यांचं झालं की ती आत चुलीपाशी काहीतरी चिमटीने खाते. आठ वर्षं मीही कौतुक ऐकून माझ्याच वळणाची म्हणून मिरवत होते.

माफी मागायची मला सवय नाही. कशी सुरू करायची तेही माहीत नाही. मी म्हटलं, "मी ते वाईट बोलले."

ती म्हणाली, "हो."

तेवढ्यावर ते थांबलं. ती रडली नाही, मीही नाही. मग मी कुशीवर वळले, हात टेकले आणि चार पायांवर आले.

तिथे मला माझ्या माहेरची म्हैस आठवली. सकाळी धार काढायला गेलं की ती बसलेली असायची. उठायची ती आधी मागून. मागचे पाय ताणून सगळं धूड वर काढायची, मग पुढचे पाय. माझ्या बापाकडे पाठ आहे की शेपूट आहे, याचा तिने कधी विचार केला नाही. रोज उठत होती आणि चार शेर दूध देत होती.

गुडघे उचलले. बूड वर गेलं. हात एकेक वीत मागे आणले, मांड्यांवर ठेवले, डोकं वर केलं, आणि मी उभी होते. नातीने मोबाइल काढला नाही एवढं तिने केलं. मी पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा घाम आला होता आणि दोघी हसत होतो.

नारळी पौर्णिमेला सुट्टी होती. मुलगा खुर्ची घेऊन समोर बसला, परीक्षक असल्यासारखा. मी आडाळ्यावर बसून नारळीभाताला दोन नारळ खवले. मी आडाळो बाजूला सरकवला, तशी त्याने खुर्ची सोडून हात अर्धा पुढे केला. मी म्हटलं, हात मागे घे. मग त्याच्याकडे पाठ केली आणि म्हशीसारखी उठले.

तो खिडकीबाहेर बघायला लागला होता. सून ओट्याशी झारा हातात धरून, तोंड आवळून उभी.

"आई," तो म्हणाला, "हे असं गावात सगळ्यांसमोर उठणार तू?"

"तोंड कुठे करायचं ते तुझ्या अटीत नव्हतं."

तिकीट राहिलं. त्याच आठवड्यात व्यायामशाळेत सगळ्यांनी आग्रह करून मला काट्यावर चढवलं. त्र्याऐंशी भरलं. बाकीच्यांना माझ्यासाठी वाईट वाटलं. कानातले काढणारीने तर मला कानातले काढून पुन्हा चढायला सुचवलं. मी कबड्डीवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, आजी, गावाहून येताना मोदक आणा.

गावी सारण मीच केलं. गूळ नेहमीइतका. दुपारी नैवेद्य झाला, पंगतीची पानं मांडली. गेल्या वर्षी आडाळ्यावर अडकल्यावर मला खुर्चीवर बसवून हातात ताट दिलं होतं, पाहुण्यासारखं. या वर्षी मी खाली बसले. नात नेहमीप्रमाणे पळी घेऊन आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि पुतण्याच्या बायकोला दिली. नातीला म्हटलं, बस इथे. तिने माझ्याकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं. थोरली समोरच होती. मला वाटलं, ही आता काहीतरी कारण काढणार आणि आत जाणार. ती बसली. मांडी घालून, माझ्या शेजारी, अंग चोरून. पहिला मोदक तिने अर्धाच मोडला. पुढचे मी मोजले नाहीत. मी माझ्या पानाकडे बघून जेवले.

जेवण झालं. आमच्याकडे वडील माणसं उठल्याशिवाय पंगत उठत नाही. थोरलीला दोघींनी धरून उठवलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुतणे पुढे यायला निघाले, गेल्या वर्षीची सवय. मी त्यांना खुणेने थांबवलं, पंगतीकडे पाठ केली, तळवे टेकले आणि बूड वर केलं. मागे कोणाचा तरी पेला सांडला. हात मागे, हात मांडीवर, डोकं वर.

थोरली म्हणाली, "म्हस उठता तशी उठली."

"उठले ना," मी म्हटलं.

ती यावर काही बोलणार होती, पण तेवढ्यात नात उठायला गेली आणि परत बसली. आठ वर्षांत जमिनीवर मांडी घातली नव्हती, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यात साडी. तिची चुलत भावंडं दात काढायला लागली. ती लाल झाली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग साडीचा काठ कमरेला खोचला, पंगतीकडे पाठ केली आणि हात टेकले.

थोरली मला म्हणाली, "ह्यां बरां शिकयलंस नातीक."

नात उभी राहिली. मी वाकले आणि दोन्ही उष्टी पानं उचलली, माझं आणि तिचं. तिच्या पानावर काही उरलं नव्हतं.